धेंपो स्पोर्ट्‌स क्लब : इतिहास आणि अलीकडील वाटचाल

धेंपो स्पोर्ट्‌स क्लब हा गोव्याच्या राजधानीचा, पणजीचा, व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग या दोन्ही मिळून क्लबने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. कोलकात्याच्या मोहन बागानने २०१९-२० मध्ये आपले पाचवे विजेतेपद जिंकून बरोबरी साधेपर्यंत हा विक्रम एकट्या धेंपोच्या नावावर होता. असे असूनही २०१६ नंतर सुमारे सात वर्षे हा क्लब राष्ट्रीय लीगपासून दूर राहिला. एखादा जुना संघ हरत हरत खाली गेला असता तर त्याचे कारण मैदानावर शोधता आले असते. धेंपोच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण ज्या वर्षी तो बाहेर पडला त्याच वर्षी त्याने द्वितीय श्रेणी जिंकून वर चढण्याचा हक्क मिळवला होता. या क्लबचा अलीकडचा इतिहास म्हणूनच खेळाइतकाच भारतीय फुटबॉलच्या रचनेचाही इतिहास आहे.

नाव आणि घराणे

क्लबचे नाव गोव्यातील एका उद्योजक घराण्याचे आहे. हे आडनाव मराठीत ‘धेंपो’ आणि ‘धेंपे’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. मिरामार येथील महाविद्यालय ‘धेंपे महाविद्यालय’ म्हणून ओळखले जाते, तर क्लब आणि उद्योगसमूह यांच्या नावात ‘धेंपो’ रूढ झाले आहे. वसंतराव धेंपो आणि त्यांचे बंधू वैकुंठराव यांनी १९४१ साली व्ही. एस. धेंपो आणि कंपनी स्थापन केली. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात गोव्यातील लोहखनिजाला परदेशी बाजारपेठ मिळाली आणि डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील डोंगरांतून निघालेले खनिज मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जेसने मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. साळगावकर, चौगुले आणि धेंपो ही घराणी या व्यवसायात मोठी झाली. मराठी वाचकांना धेंपो हे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे : पणजीहून निघणारे ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक आणि ‘नवहिंद टाइम्स’ हे इंग्रजी दैनिक याच समूहाची आहेत.

क्लबचे स्थापनावर्ष १९६८ मानले जाते. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. वास्को येथे साळगावकरांचा संघ त्याआधीच, १९५६ मध्ये, उभा राहिला होता आणि १९६५ मध्ये सेझा गोवा या खाणकंपनीनेही आपला संघ काढला होता. खाणमालकांनी संघ बाळगणे ही त्या काळी प्रतिष्ठेची बाब होती, हे खरे. पण केवळ प्रतिष्ठा म्हणून तिच्याकडे पाहणे अपुरे ठरेल. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे, सरावासाठी सवड मिळे आणि खेळणे थांबल्यावरही त्याचा चरितार्थ चाले. भारतात व्यावसायिक फुटबॉल रीतसर सुरू होण्यापूर्वी खेळाडूला स्थैर्य देणारी ही एक महत्त्वाची व्यवस्था होती. तिच्यातच एक उणीव दडलेली होती, ती मात्र पुढे अनेक वर्षांनी दिसली.

गोवा आणि फुटबॉल

गोव्यात फुटबॉल आणला तो विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने, १८८३ मध्ये, बार्देशातील शिवोली येथे. प्रकृती सुधारण्यासाठी आलेल्या या पाद्रीने शाळेतील मुलांना खेळ शिकवला आणि तो गावोगावच्या चर्चशाळांतून पसरला. महाराष्ट्रात हा खेळ लष्करी छावण्या, रेल्वे आणि गिरण्या यांच्या आधाराने रुजला. नागपूर-कामठी आणि मुंबई ही त्याची उदाहरणे. गोव्यात त्याचा पाया गाव हा राहिला. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात दिवाळी-नाताळच्या सुमारास सुरू होणारे सामने आणि गावाच्या नावाने खेळणारे संघ यांतूनच पुढे मोठ्या क्लबांना खेळाडू मिळाले. १९५९ मध्ये, म्हणजे मुक्तीपूर्वीच, गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली.

धेंपोला गोव्याबाहेर नाव मिळाले ते मुंबईत. १८९१ पासून भरणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक आणि मुंबईतील कूपरेज हे तिचे मैदान. धेंपोने १९७४ मध्ये हा चषक प्रथम जिंकला आणि पुढे आणखी तीन वेळा. कूपरेजच्या प्रेक्षकांत गोवेकरांची संख्या मोठी असे. धोबी तलाव आणि माझगाव या भागांत गावागावांच्या नावाने चालणाऱ्या गोवेकरांच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांपासून हे मैदान फार दूर नव्हते. विसाव्या शतकाबरोबर रोव्हर्स चषकही संपला. ज्या स्पर्धांनी जुन्या क्लबांना नाव दिले त्या बंद पडल्या, ही गोष्ट नंतरच्या घडामोडींचा विचार करताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. गोव्याला पहिले विजेतेपद १९९८-९९ मध्ये मिळाले, पण ते साळगावकरला. धेंपोची पाळी यायची होती.

कुलासो पर्व

आर्मांदो कुलासो यांनी या शतकाच्या प्रारंभी धेंपोची सूत्रे हाती घेतली आणि २०१३ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर घरी पाठवण्याची जी सवय आहे, ती पाहता एक तपाहून अधिक काळ एकच माणूस एका संघाचा प्रशिक्षक राहणे हे दुर्मीळच. २००३-०४ मध्ये धेंपो ईस्ट बंगालच्या पाठोपाठ दुसरा आला. पुढच्याच वर्षी संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर स्पोर्टिंग क्लब द गोवा होता, म्हणजे लीगच्या शिखरावरील दोन्ही संघ गोव्याचेच होते.

त्या विजयी हंगामावर एका मृत्यूची छाया आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने संघाचे दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. सामना २-० असा धेंपोने जिंकला. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा अंगरखा त्यानंतर कोणालाही न देण्याचे ठरवले. या घटनेनंतर भारतातील मैदानांवरील वैद्यकीय सोयींविषयी प्रथमच गांभीर्याने चर्चा झाली. ती त्याआधी व्हायला हवी होती, हे वेगळे सांगायला नको.

कुलासो यांच्या संघाचा कणा स्थानिक होता. बचावफळीत महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची मंडळी. त्यांना ब्राझीलच्या बेतोची कल्पकता आणि नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सची गोल करण्याची भूक यांची जोड मिळाली. रँटीने २०१०-११ च्या आय-लीगमध्ये ३० आणि २०११-१२ मध्ये ३२ गोल केले. ३० मे २०११ रोजी धेंपोने एअर इंडियाचा १४-० असा पराभव केला. आय-लीगमधील हा सर्वांत मोठा विजय. मात्र केवळ अशा आकड्यांवरून या संघाची ओळख करून घेणे योग्य नाही. त्याच त्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे एकत्र खेळल्यामुळे चेंडू जमिनीवरून, छोट्या छोट्या पासांनी पुढे नेण्याची शैली संघाच्या अंगवळणी पडली होती. लांब चेंडू मारून धावत सुटण्याच्या तत्कालीन भारतीय पद्धतीत ती उठून दिसे.

२००६ मध्ये ड्युरँड चषक आणि २००८ मध्ये आशियाई स्तरावरील एएफसी चषकाची उपांत्य फेरी ही या काळातील आणखी दोन महत्त्वाची टप्प्यांची नोंद. उपांत्यपूर्व फेरीत सिंगापूरच्या होम युनायटेडला मागे टाकल्यावर लेबनॉनच्या सफा क्लबकडून धेंपोला हार पत्करावी लागली. २०११ मध्ये कुलासो यांच्याकडे काही काळ भारतीय संघाचीही धुरा होती.

एक आकडा मात्र येथे आवर्जून द्यायला हवा. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाल्यापासून २०१२-१३ पर्यंतच्या सहाही हंगामांत विजेता क्लब गोव्याचा होता : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्तीचे एक राज्य सलग सहा वर्षे सव्वाशे कोटींच्या देशाचे विजेतेपद स्वतःकडे ठेवते, असे उदाहरण भारतातील अन्य कोणत्याही सांघिक खेळात सहजी सापडणार नाही. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत यांपैकी दोन क्लब राष्ट्रीय लीगमध्ये नव्हते.

घसरण

या उलथापालथीची कारणे सांगताना गोव्यात प्रथम खाणींचे नाव घेतले जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणींवर उभ्या असलेल्या क्लबांना याची झळ लागणे स्वाभाविक होते. धेंपोच्या बाबतीत मात्र हे कारण जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण या समूहाने आपला खाणव्यवसाय जून २००९ मध्येच सेझा गोवा कंपनीला सुमारे १,७५० कोटी रुपयांना विकला होता. त्यानंतरही संघाने दोनदा लीग जिंकली. तेव्हा खाणी बंद झाल्या आणि फुटबॉल संपले, असे सरळ समीकरण मांडणे सोपे असले तरी ते अचूक नाही.

अधिक परिणामकारक ठरली ती डिसेंबर २०१० मधील एक कागदी घटना. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा आणि ७०० कोटी रुपयांचा करार करून आपले व्यापारी हक्क तिच्या स्वाधीन केले. या करारातून ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उदयाला आली. क्रिकेटमधील आयपीएलच्या धर्तीवरील या स्पर्धेत शहरांच्या नावाने नवे संघ निर्माण करण्यात आले. जुन्या क्लबांना त्यात स्थान नव्हते; हवे असल्यास त्यांच्या मालकांनी नवा संघ विकत घ्यावा, अशी रचना होती.

गोव्यात नेमके तेच झाले. एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांत व्हिडिओकॉन समूहाबरोबर दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो होते. मैदानावर आयुष्यभर एकमेकांशी झुंजलेल्या दोन क्लबांचे धनी एकाच संघाचे भागीदार झाले. या नव्या संघाला खेळाडू हवे होते आणि ते धेंपोकडे तयार होते. लक्ष्मीकांत कट्टीमनी, नारायण दास, प्रणय हलदर, मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस असे अनेक जण उसनवारीवर एफसी गोवाकडे गेले. रोमिओला तर २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅतलेतिको पारानाएन्से या क्लबने बोलावून घेतले. मंदारने पुढे २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीसह सुपर लीगचे विजेतेपद मिळवले. धेंपोने घडवलेल्या खेळाडूंना मोठे व्यासपीठ मिळाले, हे निर्विवाद आहे. पण पणजीच्या जुन्या क्लबला त्या वर्षी काय मिळाले, हा प्रश्न उरतोच. शरद ऋतूत एका संघाकडून खेळून दमलेले खेळाडू जानेवारीत दुसऱ्या संघाच्या शिबिरात परतले. जानेवारी ते मे २०१५ या काळात झालेल्या आय-लीगमध्ये धेंपोची पदावनती झाली. तीन वर्षांपूर्वीचा विजेता द्वितीय श्रेणीत गेला.

येथपर्यंतची कथा फुटबॉलमध्ये असामान्य नाही. आर्जेन्टिनातील रिव्हर प्लेट हा १९०१ साली स्थापन झालेला आणि त्या देशात सर्वाधिक विजेतेपदे मिळवलेला क्लब २६ जून २०११ रोजी प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हा ब्यूनस आयर्समध्ये दंगल झाली. वर्षभरात तो पुन्हा वर आला आणि २०१८ मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद म्हणजे कोपा लिबेर्तादोरेस जिंकले. घसरण हा शेवट नसतो, कारण शिडी जागेवर असते.

धेंपोनेही तेच केले. २०१५-१६ ची द्वितीय श्रेणी त्याने पहिल्याच प्रयत्नात जिंकली. परंतु तोवर शिडीच हलवण्यात आली होती. मे २०१६ मध्ये महासंघाने नव्या रचनेचा आराखडा मांडला. त्यानुसार सुपर लीग ही सर्वोच्च श्रेणी होणार होती, आय-लीग दुसऱ्या पायरीवर जाणार होती आणि खालून वर जाण्याचा मार्ग काही वर्षे बंद राहणार होता. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. त्याच वर्षी धेंपोनेही तोच निर्णय केला. जिंकून मिळवलेली जागा न वापरता सोडून देणे हा भारतीय फुटबॉलमधील विरळा प्रसंग आहे.

हा निषेध न्याय्य होता, पण त्याची किंमत मालकांपेक्षा खेळाडूंनी अधिक मोजली, असे म्हणावे लागते. गोव्यातील तरुणाला राष्ट्रीय स्तरावर खेळण्यासाठी आधी चार-पाच दारे होती. आता एफसी गोवा हे एक मोठे दार उरले. चर्चिल ब्रदर्सला २०१४ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न केल्यामुळे आय-लीगमधून वगळण्यात आले होते. तो २०१६-१७ मध्ये परतला आणि पुढची काही वर्षे गोव्याचा एकटा प्रतिनिधी म्हणून तेथे टिकून राहिला. कोलकात्याच्या जुन्या क्लबांना वेगळा न्याय मिळाला. २०२० मध्ये मोहन बागान सुपर लीगमधील एका संघात विलीन होऊन आणि ईस्ट बंगाल नवा गुंतवणूकदार मिळवून सर्वोच्च श्रेणीत पोचले. त्यांच्यामागे लाखो प्रेक्षक होते. गोव्याच्या क्लबांकडे इतिहास होता, गर्दी नव्हती.

क्लब कोणाचा?

आर्जेन्टिनातील क्लब कायद्याने नागरी संस्था आहेत. वर्गणी भरणारे सभासद अध्यक्ष निवडतात आणि क्लब नफ्यासाठी चालवता येत नाही. अध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या शासनाने डिसेंबर २०२३ पासून क्लबांचे कंपन्यांत रूपांतर करण्याची मुभा देण्याचा प्रयत्न चालवला आहे आणि तेथील फुटबॉल संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आहे. या वादाचे मूळ समजून घ्यायचे तर आवेशानेदा शहरातील रेसिंग क्लबची हकिकत पाहावी. १९०३ मध्ये स्थापन झालेला हा क्लब कर्जात बुडाला आणि मार्च १९९९ मध्ये दिवाळखोरीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने क्लब अस्तित्वात उरला नसल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या रविवारी सामना होणार नव्हता, तरीही हजारो समर्थक रिकाम्या मैदानाभोवती बसून राहिले. क्लब बंद झाला नाही. २००१ मध्ये रेसिंगने ३५ वर्षांनंतर देशाचे विजेतेपद मिळवले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोपा सुदअमेरिकाना ही खंडीय स्पर्धाही जिंकली.

भारतात अशी कथा घडणे कठीण, कारण येथे क्लबचा मालक एक कंपनी असते आणि तिच्या संचालक मंडळाचा एक ठराव पुरेसा होतो. १९६२ पासून चालत आलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये तो कंपनीने बंद केला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, फगवाड्याचा जेसीटी, २०११ मध्ये गेला. पुण्याचे पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ च्या हंगामानंतर दिसेनासे झाले, मुंबई एफसीने २०१७ मध्ये आवरते घेतले. कूपरेज किंवा बालेवाडीत कोणी मूक धरणे धरल्याचे ऐकिवात नाही. प्रेक्षकाचा क्लबवर कोणताच हक्क नसेल तर त्याने कशाच्या बळावर बसावे?

या पार्श्वभूमीवर धेंपो क्लब टिकला, हे त्याच्या मालकांच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. राष्ट्रीय लीग सोडली तरी क्लब विसर्जित झाला नाही. जुने गोवे परिसरातील एला येथील प्रबोधिनी चालू राहिली, वयोगटांचे संघ चालू राहिले आणि वरिष्ठ संघ गोव्याच्या स्थानिक व्यावसायिक लीगमध्ये खेळत राहिला. येथे एक विरोधाभास आहे, तो लपवण्याचे कारण नाही : ज्या घराण्याने आपला पैसा आणि खेळाडू नव्या संघाकडे वळवल्याने जुना क्लब दुर्बळ झाला, त्याच घराण्याने तो मरूही दिला नाही. कंपनीच्या आश्रयावर चालणाऱ्या क्लबाचे जे गुण, तेच त्याचे दोष.

पुनरागमन

समीर नाईक हे कुलासो यांच्या विजयी संघातील बचावपटू. खेळणे थांबवल्यावर ते धेंपोचेच प्रशिक्षक झाले. त्यांचे सहकारी क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर चषक जिंकून दिला आणि महेश गवळी भारतीय संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकपदापर्यंत पोचले. एका क्लबच्या एका पिढीतून इतके प्रशिक्षक निघावेत, ही त्या संघात केवळ धावपळ न शिकवता खेळ शिकवला जात होता याची साक्ष मानता येईल.

नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने २०२३-२४ च्या आय-लीग २ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय रचनेच्या तिसऱ्या पायरीवर, प्रवेश केला. स्पोर्टिंग क्लब बंगळुरूच्या पाठोपाठ दुसरे स्थान मिळवून संघाने आय-लीगमध्ये बढती मिळवली. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये धेंपो मध्यावर राहिला आणि पदावनती टाळली. सोबत वर आलेला बंगळुरूचा संघ मात्र वर्षभरात पुन्हा खाली गेला, यावरून मध्यावर राहण्याचे मोलही ध्यानात यावे.

तोच हंगाम गोव्याला अन्य कारणाने लक्षात राहील. चर्चिल ब्रदर्सला महासंघाने विजेता घोषित केले, चषकही देण्यात आला. परंतु वाराणसीच्या इंटर काशीने लोझान येथील क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि १८ जुलै २०२५ रोजी लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिले. प्रश्न केवळ चषकाचा नव्हता. २०२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती मिळू लागली होती; २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग या मार्गाने वर गेले होते. सुपर लीगमधून खाली मात्र कोणीच येत नव्हते. शिडी होती, पण ती एकेरी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यातच भरलेल्या सुपर चषकात धेंपोला अगदी शेवटच्या क्षणी, रिअल काश्मीरच्या जागी, बोलावणे आले. गटात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि चेन्नईयिन असे तिन्ही सुपर लीगचे संघ होते. गोव्यातील तरुणांचा भरणा असलेल्या धेंपोने ईस्ट बंगालविरुद्ध अखेरच्या मिनिटांत गोल करून २-२ अशी बरोबरी साधली, मोहन बागानला ०-० असे रोखले आणि चेन्नईयिनशी १-१ अशी बरोबरी केली. तीन सामन्यांत एकही विजय नाही आणि एकही पराभव नाही. गट जिंकण्यासाठी हे पुरेसे नव्हते, पण दोन श्रेणींतील अंतर पैशाचे जितके आहे तितके खेळाचे नाही, हे या तीन सामन्यांनी दाखवले. त्याच स्पर्धेचा चषक ७ डिसेंबर रोजी फातोर्डा येथे एफसी गोवाने उंचावला. एका अर्थी दोन्ही संघ एकाच घराण्याच्या अंगणातून निघालेले.

सध्याची स्थिती

धेंपो परतला तो नेमका भारतीय फुटबॉलचे घर अस्थिर असताना. २०१० च्या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपत होती. नव्या कराराचा निर्णय न झाल्याने सुपर लीगच्या आयोजकांनी जुलै २०२५ मध्ये स्पर्धा स्थगित केली. अनेक क्लबांनी सराव थांबवले, काहींनी वेतनही. १९ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. सर्वोच्च श्रेणीची लीग महासंघाच्या मालकीची असावी आणि तीत बढती व पदावनती असावी, हे तत्त्व या घटनेत आहे. त्यानंतर व्यापारी हक्कांसाठी निविदा मागवण्यात आल्या, पण नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही निविदा आलेली नव्हती.

धेंपोसारख्या क्लबाच्या दृष्टीने या दोन घटना परस्परविरुद्ध दिशेच्या आहेत. २०१६ मध्ये ज्या मागणीसाठी गोव्याच्या क्लबांनी आपली जागा सोडली, ती मागणी आता महासंघाच्या घटनेत लिहिली गेली आहे. पण ज्या श्रेणीत चढायचे तिच्यासाठी पैसे लावायला २०२५ मध्ये कोणी पुढे आले नाही. वरच्या श्रेणीत जाणाऱ्या क्लबला परदेशी खेळाडू, विमानप्रवास, परवान्याच्या अटींनुसार मैदान आणि कर्मचारी यांचा खर्च करावा लागतो. प्रक्षेपणाचे उत्पन्न नसेल तर तो सारा भार मालकाच्या खिशावर पडतो आणि आपण पुन्हा १९६८ च्या व्यवस्थेकडे येतो, फक्त खाणींचे उत्पन्न वजा करून. श्रीनिवास धेंपो यांच्या समूहाचा आजचा व्यवसाय कार्बन, जहाजबांधणी, वृत्तपत्रे, बांधकाम अशा क्षेत्रांत विखुरलेला आहे.

एला येथील मैदानावर सकाळी सराव करणाऱ्या मुलांपैकी जे आज पंधरा-सोळा वर्षांचे आहेत, त्यांनी क्लबला राष्ट्रीय विजेता झालेला पाहिलेले नाही. शेवटचे विजेतेपद आले तेव्हा ते अगदी लहान असतील. त्यांना शिकवणाऱ्या नाईकांनी मात्र त्या संघाचा अंगरखा घातलेला आहे.